घारपुरे साहेबांची जीभ

माझं आणि घारपुरे साहेबांचं पहिलं बोलणं एका शब्दाचं झालं. "चाट," ते म्हणाले.

त्यांनी माझ्यापुढे एक तांबूस दगड धरला होता, आणि मी त्यांच्यापुढे इस्त्रीचा शर्ट घालून, केसांना तेल चोपडून, नोकरी मागायला उभा होतो. मला वाटलं थट्टा आहे, म्हणून मी हसलो. साहेब हसले नाहीत. त्यांनी तो दगड आधी स्वतःच्या जिभेला लावला आणि तसाच ओला पुन्हा माझ्यापुढे धरला.

"आता तरी चाट. मघाशी दगड सोवळ्यात होता, म्हणून संकोच वाटला का?"

मी चाटला. दगड जिभेला चिकटून बसला, आणि तो सोडवताना माझा जो चेहरा झाला तो बघून मागे उभे असलेले कामगार खदखदून हसले. साहेब शांतपणे म्हणाले, "चिकटला की त्यात माती समजायची. न चिकटता नुसता गार लागला की पाषाण. कॉलेजात इतकी वर्षं काय केलंस? दगडांना नमस्कार?" मग माझं गाव विचारलं. मी शिरगाव सांगितलं. वडील काय करतात म्हणाले. पानवेलींची वाडी आहे, म्हटलं. "ठीक. पानवाला, उद्यापासून ये," ते म्हणाले, आणि त्या दिवसापासून मला त्या कामावर दुसरं नाव उरलं नाही.

ही साठ सालानंतरच्या पहिल्या दोन-चार वर्षांतली गोष्ट. तारापूरच्या किनाऱ्यावर मोठं सरकारी काम उभं राहायचं होतं, आणि त्याच्या आसपासची जमीन ठिकठिकाणी भोकं पाडून तपासण्याचं काम मुंबईच्या एका खाजगी कंपनीकडे होतं. यंत्र पोकळ नळी गरगर फिरवत जमिनीत नेई आणि आतला दगड गोल दांड्यासारखा वर काढी. त्या दांड्याला आम्ही कोअर म्हणायचो. मनगटाहून थोडा जाड, काळा, गुळगुळीत. त्याचे तुकडे लाकडी पेट्यांच्या खाचांत वरून खाली, ओळीने, पोथीची पानं लावावीत तसे लावायचे, प्रत्येकावर पिवळ्या रंगाने खोली आणि बाण काढायचा, आणि वहीत त्याचं वर्णन लिहायचं. हे सगळं घारपुरे साहेबांच्या हाताखाली. ते पुण्याचे, संसार तिकडेच. इथे बोईसर स्टेशनजवळ, गवताच्या वखारीमागे एका खोलीत राहायचे, स्वतःचा दहीभात स्वतः कालवून खायचे आणि सायकलवरून कामावर यायचे. पोटाच्या दुखण्यामुळे मिरचीचं बोटदेखील त्यांना चालत नसे. खाकी अर्धी चड्डी, डोक्यावर टोपी, कमरेला हातोडी, आणि हात लागेल त्या दगडाला लागणारी ती जीभ. तिला हाड नव्हतं, हे वेगळं सांगायला नको.

भूगर्भशास्त्र शिकलेल्या मुलाचं तेव्हा काय व्हायचं, हे आमच्या भागात कोणालाच माहीत नव्हतं. मी पास झाल्यावर शेजारचे दोघेजण आमच्याकडे विहिरीची जागा विचारायला आले. तिसऱ्याने वडिलांना बाजूला घेऊन हळूच विचारलं, "पोराला पुरलेला धन दिसता काय?" वडील त्याच्यावर चिडले, पण रात्री जेवताना त्यांनीही आडून चौकशी केली. नुसते दगड बघायला कोणी पगार देतं, यावर त्यांचा विश्वास बसेना. साहेबांना मी हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "वडील शहाणे आहेत. भूशास्त्राच्या विद्यार्थ्याला तीनच वाटा. सरकार, खाण, नाहीतर सासरा. सरकारात जागा नाहीत, खाणीत तू मरशील, आणि तुझं नाक बघता सासऱ्याचीही खात्री वाटत नाही."

चौथी वाट मात्र होती, आणि तिची किल्ली साहेबांच्याच हातात होती. कंपनी दरवर्षी कामावरच्या एका पदवीधराला एम.एस्सी.साठी पाठवी. फी, राहणं, जेवण सगळं कंपनीचं, आणि परत आलं की पक्की नोकरी. एकाच मुलाला. साहेब ज्याचं नाव कळवतील त्याला. आमच्या कामावर असे पदवीधर आम्ही दोघेच होतो. एक मी आणि दुसरा नवापूरचा काशिनाथ.

काशिनाथ कोळ्याचा मुलगा. बाप तांडेल, म्हणजे होडीवरचा मुख्य. काशिनाथचं बोलणं मोजकं, हात लांब. त्याच्या घरात कॉलेजचं तोंड पाहिलेला तो पहिला. साहेब त्याला "बोंबील" म्हणत. पण त्याच्यापुढे पहिल्या दिवशी दगड धरला तेव्हा त्याने न विचारता चाटला होता आणि बरोबर सांगितला होता. साहेबांनी कारण विचारलं तर म्हणाला, "आमचा बाबा नांगराला लागलेला चिखल चाखून बघतो, खाली रेती हाय का काय." साहेब तेव्हा काहीच बोलले नाहीत. साहेब काहीच बोलले नाहीत म्हणजे त्यांना काही आवडलं, हे मला पुढे समजलं. माझ्या वहीतली वर्णनं ते मोठ्याने वाचून दाखवीत आणि सगळ्यांना हसवीत. काशिनाथची वही नुसती मिटून परत देत. यंदा काशिनाथ जाणार हे कामावरच्या गवंड्यालाही माहीत होतं. मलाही होतं, आणि खरं सांगायचं तर ते मला वाजवी वाटत होतं. माझ्या घरी निदान वाडी होती. त्याच्याकडे होडीत एका माणसाची जागा होती, आणि तीच त्याला नको होती.

साहेब शिकवीत मात्र मन लावून. चूक केली की हातातला सरावाचा नमुना समुद्रात भिरकावून देत आणि "जा, शोधून आण" म्हणत, पण त्यानंतर तासभर बसून तोच दगड पहिल्यापासून समजावीत. त्यांचं एक वाक्य आम्ही दिवसातून अनेकदा ऐकायचो. "दगडाची किंमत त्याच्या जागेला. जागेवरून उचलला की तो फक्त धोंडा." कोअरचा तुकडा पेटीत उलटा लागला तर ते खाचेपुढे उभं करून विचारीत, "तुझ्या आजोबांचा फोटो असा टांगशील का?" कुठे यंत्रात दगड भुगा होऊन गेला, वर आलाच नाही, तर त्या रिकाम्या जागी तेवढ्या लांबीचा लाकडी ठोकळा घालायची रीत होती. ठोकळा घालायला लागला की साहेबांचा दिवस वाईट जाई.

त्या हंगामात एका भोकात काळ्या पाषाणाच्या खाली तांबडा, मऊ थर लागला. असे थर आमच्याकडच्या दगडात असतातच, पण तो नेमका कुठून सुरू होतो हे कागदावर नोंदणं महत्त्वाचं. मुंबईहून कंपनीचे वरचे अधिकारी पेट्या पाहायला येणार होते. साहेबांनी स्वतः बसून ती पेटी लावली. तांबड्या थराच्या अगदी डोक्यावरचा, दीड वीत लांबीचा काळा तुकडा त्यांनी दोनदा काढून पुन्हा ठेवला. अधिकारी यायच्या आदल्या दिवशी सकाळी पेटीवरचं गोणपाट काढलं, तर तो तुकडा खाचेत नव्हता.

आरडाओरडा त्यांनी केला नाही. सगळ्यांना पेटीभोवती उभं केलं. कामगार सगळे आजूबाजूच्या गावांतले, यंत्रावरचे दोघे उत्तरेकडचे. साहेब म्हणाले, "संध्याकाळपर्यंत तुकडा इथे आला नाही, तर उद्यापासून एकानेही येऊ नये. पानवाल्याने येऊ नये, बोंबिलाने येऊ नये, यंत्र मी एकटा चालवीन." यंत्रावरचा एकजण म्हणाला, "साहब, पत्थर कौन चुराएगा?" त्याच्याकडे साहेबांनी असं पाहिलं की तो यंत्राकडे वळून पाने आवळायला लागला.

मी काशिनाथकडे पाहिलं. तो पेटीकडे न बघता नवापूरच्या वाटेकडे बघत होता. त्याची आई आदल्या दुपारी त्याचा डबा घेऊन आली होती. आम्ही जेवत असताना ती पेट्यांपाशी उभी राहून ते काळे दांडे कौतुकाने बघत होती. जेवणाच्या सुट्टीत काशिनाथ सायकल घेऊन घरी गेला. पुढचं त्याने मला नंतर सांगितलं. दारातच त्याला पाट्याचा आवाज आला. आई ओटीवर बसून मसाला वाटत होती, लाल मिरची, लसूण, खोबरं, आणि तिच्या दोन्ही हातांत तो तुकडा होता, पिवळ्या बाणासकट. त्याला बघून ती म्हणाली, "बघ रे, कसा चालतो. जुना वरवंटा फुटला ना, म्हनून उचलला. थय ढीग पडलाय तुमचा." त्याने तो तिच्या हातातून ओढून घेतला, विहिरीवर नेला, बाण सांभाळून वाळूने घासघासून धुतला, उन्हात वाळवला आणि शर्टात गुंडाळून कामावर आणला.

साहेब पेटीपाशीच बसले होते. काशिनाथने तुकडा त्यांच्या हातात दिला.

"कुठे होता?"

"पेटीच्या मागं घरंगळला होता, साहेब."

साहेबांनी तुकडा फिरवून बघितला. बाण बघितला, खोलीचा आकडा बघितला. मग, दगड हातात आला की ते जे नेहमी करीत तेच त्यांनी केलं. जिभेला लावला. आम्ही सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत होतो. त्यांचे डोळे पाणावले, एक ठसका लागला, आणि ते थोडा वेळ जीभ बाहेर काढून वाऱ्यावर धरून बसले.

"काशिनाथ," ते म्हणाले. पहिल्यांदाच त्यांनी त्याला नावाने हाक मारली. "लाल मिरची आहे. लसूण आहे. खोबरंही असावं. ही खनिजं बेसाल्टात आजवर कोणाला सापडली नव्हती."

कामगारांत हशा पिकला. त्यांना वाटलं साहेबांनी विनोद करून प्रकरण मिटवलं. काशिनाथलाही क्षणभर तसं वाटलं असावं, कारण तोही किंचित हसला. साहेबांनी ते हसू पुसलं जाईपर्यंत त्याच्याकडे बघितलं.

"नेला याबद्दल मी काही बोललो नसतो. दगड आहे, माणसं नेतात. पण तू मला त्याची जागा खोटी सांगितलीस. स्वैपाकघरातला दगड पेटीमागचा म्हणून सांगितलास. हे ज्याला जमलं, त्याला उद्या काहीही जमेल. ज्या दगडावर उद्या कोणी इमारत उभी करणार, त्याची जागा मी तुझ्याकडून ऐकायची?"

"आईचं नाव घ्यायला जमेना, साहेब."

"आईचं नाव मी विचारलं नव्हतं. दगडाचं विचारलं होतं."

बोलणं खरं होतं, हाच त्यातला वैताग. त्या दिवसापासून आजवर मी त्या वाक्यात चूक शोधतो आहे आणि ती सापडत नाही. पण खरं बोलणं आणि माणूस कापून काढणं यांत फरक असतो, आणि साहेबांना तो कधी करता आला नाही, किंवा करायचा नव्हता.

दुसऱ्या दिवशी अधिकारी येऊन, पेट्या बघून, खूश होऊन गेले. ते गेल्यावर काशिनाथची आई आली. डोक्यावर टोपली, टोपलीत केळीच्या पानाखाली ताजी पापलेटं. ती साहेबांपुढे उभी राहिली. बसली नाही.

"साहेब, पोराची चूक नाय हाय. मीच नेला तो दगूड. असा वरवंटा बाजारात मिलत नाय म्हनून नेला. आमाला काय ठाव, तुमी दगूडपन मोजून ठेवता ते. तुमाला काय बोलायचा ता मला बोला. त्याला पाठवा शिकायला."

साहेब लिहीत होते. मान वर न करता ते म्हणाले, "बाई, तुमच्या मुलाचं शिक्षण तुम्ही काल वाटून खाल्लंत. आता मी काय पाठवू? आणि मासे घेऊन जा, मी खात नाही."

तिला हे समजायला थोडा वेळ लागला. समजलं तेव्हा ती रडली नाही. टोपली डोक्यावर घेतली, काशिनाथकडे बघितलं आणि म्हणाली, "चल घरा." तो तिच्यामागून निघाला. पेट्यांच्या रांगेपाशी त्याचा डबा राहिला होता, तोही घ्यायला तो वळला नाही. तो डबा दुसऱ्या दिवशी मी नवापूरला पोचवला.

संध्याकाळी मी साहेबांकडे गेलो. म्हटलं, नाव काशिनाथचंच कळवा, मला नको. साहेब दहीभात कालवत होते. ते म्हणाले, "तू नको म्हणालास तर यंदा कोणीच जाणार नाही. तुझ्या नकाराने त्याची जागा भरत नाही. पेटीतला दगड गेला की आपण काय करतो?"

"ठोकळा घालतो."

"मग? तू तो ठोकळा. जा, कपडे शिव दोन."

मला इतका राग आला की मी दारातूनच परत फिरलो. वखारीवरून चालताना ठरवलं, जायचं नाही. घरी वडिलांना सांगितलं. वडिलांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तू नाय गेलास तर त्या पोराला होडीत बसायचा चुकनार हाय काय?" मी गेलो. ठोकळा म्हणून गेलो, दोन वर्षं ठोकळ्यासारखा अभ्यास केला, पास झालो आणि कंपनीत लागलो.

जाण्याआधी नवापूरला काशिनाथला भेटलो होतो. तो बोंबील वाळत घातलेल्या दांड्यांपाशी जाळं शिवत बसला होता. माझ्यावर रागावलेला नव्हता. उलट त्याने एकच गोष्ट विचारली. "त्यांना चव लागली कशी रे? मी वाळूनं घासला होता."

"बारीक छिद्रं असतील दगडाला. त्यांत राहिलं असणार."

तो मोठ्याने हसला. "मीच लिवलेला ना वहीत. बारीक छिद्रांचा पाषान. साहेबांनी खाली बरोबरची खूणपन केलेली." हसता हसता त्याने जाळ्याचा दोरा दाताने तोडला. मला त्या हसण्याचं काय करावं ते कळेना. मी थोडा वेळ त्याच्याजवळ बसलो आणि शेवटची एसटी पकडायला निघालो.

त्यानंतर साहेबांची भेट झाली ती एकदाच, त्याच दशकाच्या अखेरीस. पुण्याला कामासाठी गेलो होतो. त्यांना पक्षाघात झाल्याचं कंपनीत कळलं होतं. राग होताच, पण मला जे काही येतं ते त्यांनी शिकवलेलं होतं, हेही खरं होतं. न जाणं जमेना. वाटेत मी काय काय बोलायचं ते मनाशी जुळवत गेलो. काशिनाथ आता बापाच्या होडीवर तांडेल आहे, एवढं तरी त्यांना ऐकवायचंच होतं.

साहेब खिडकीजवळच्या पलंगावर होते. उजवी बाजू गेलेली, आणि जीभ पार लुळी पडलेली. तोंडातून शब्द म्हणून काही येत नव्हता. ज्या जिभेने आम्हाला सालटी निघेपर्यंत सोललं, ती ओठांच्या कोपऱ्यात नुसती पडून होती. मी नाव सांगितलं, ओळख पटेना, मग "पानवाला" म्हटलं तेव्हा डोळे हलले. जुळवून आणलेलं बोलणं मी काढलंच नाही. बोलू न शकणाऱ्या माणसाला ऐकवण्यात काही मजा नसते.

वहिनी मोठ्या उत्साही बाई. नवऱ्याचा माणूस आला म्हणून त्यांनी मला जेवल्याशिवाय सोडायचं नाही असं ठरवलं, आणि गप्पा मारता याव्यात म्हणून पाटा बाहेरच्या खोलीत आणून चटणी वाटायला बसल्या. साहेबांचे जुने विनोद त्या सांगत होत्या आणि स्वतःच हसत होत्या. मी त्यांच्या हातांकडे बघत होतो. हातात एक काळा दांडा होता. एका टोकाशी पिवळ्या रंगाचा अर्धा पुसलेला बाण होता.

"हा वरवंटा कुठला, वहिनी?"

"तो होय? बघा ना, कसा घडवल्यासारखा आहे. तारापूरचं काम आटोपल्यावर कंपनीने कोठार रिकामं केलं म्हणे. जुन्या पेट्या भरावात टाकल्या. ह्यांनी तेवढा एक उचलून आणला. मी म्हटलं, संसारात दगड कमी होते म्हणून आणखी एक आणलात का? तर म्हणाले," इथे वहिनींना आधीच हसू आलं, "म्हणाले, 'अगं, राहू दे. तिखटाला सरावलेला आहे.' आता ह्या माणसाला काय म्हणायचं सांगा. पण खरंच हो, असा वरवंटा बाजारात मिळत नाही."

मी पलंगाकडे बघितलं. साहेब माझ्याकडेच बघत होते. त्यांची जीभ हलली, ओठांशी आली, पुन्हा आत गेली. घशातून आवाज निघाला. मी उठून जवळ गेलो.

"काशिनाथ?" मी विचारलं. "काशिनाथबद्दल काही म्हणताय?"

"पाणी मागताहेत," वहिनी म्हणाल्या. हात पुसत उठल्या आणि चमच्याने त्यांना पाणी पाजलं. पाणी पिऊन झाल्यावर साहेबांनी डोळे मिटले. "हा काशिनाथ कोण?" वहिनींनी विचारलं. हे नाव त्यांच्या कानावर कधी गेलंच नव्हतं.

"आमच्याबरोबर कामाला होता," मी म्हटलं.

पान वाढलं गेलं. साहेबांच्या पथ्यामुळे त्या घरात मिरची येतच नाही, असं वहिनींनी वाढताना सांगितलं. मी चटणीला बोट लावलं आणि जिभेवर ठेवून थांबलो, साहेबांनी शिकवलं होतं तसं. खोबरं लागलं, मीठ लागलं, जिरं लागलं. काशिनाथच्या आईचं तिखट त्यात कुठेच नव्हतं.